ब्रेक लीव्हरपासून नव्हे, चाकापासून बसवायला घ्या

पर्वरीच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांच्या मुलीसाठी सायकल ऑनलाइन मागवली. खोक्यात ती '८५ टक्के जोडलेली' आली. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट आणि पुढचा ब्रेक त्यांनी घरी बसवला. आता पुढचा लीव्हर दाबला की थेट मुठीला टेकतो. डावा गुटका (ब्रेकचा रबरी ठोकळा) रिमला, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्याला, सतत घासतो. मागचा ब्रेक असा कोकलतो की शेजारी खिडकीत येतात. पाऊस लागला की दोन्ही नावापुरतेच. अ‍ॅडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू) दोन्हीकडे फिरवून झाला, फरक शून्य. फोटोत व्ही-ब्रेक दिसतो, म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना उभे हात असलेला. घरी जमेल, की दुकान गाठावं? आणि मुलगी पठारावरून बेतीपर्यंत उतरते म्हणते, तर सोडावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आज नको. बाकीचं घरी नक्की जमेल. मी डिचोलीत पंचवीसेक वर्षं सायकली दुरुस्त करतो आहे, आणि पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या ब्रेकच्या तक्रारींपैकी बहुतेक या चारच असतात. त्या चार वेगळ्या वाटल्या तरी बहुधा मूळ एकच असतं: काम उलट्या टोकाकडून सुरू केलेलं. माणूस आधी लीव्हरजवळचा तो छोटा अ‍ॅडजस्टर फिरवतो, कारण तो हाताला लागतो आणि त्याला पाना लागत नाही. खरं तर तो सगळ्यात शेवटी फिरवायचा. ब्रेक धरतो रिमला. चाक वाकडं बसलं असेल तर गुटका सरळ कशाच्या हिशेबाने बसवणार? म्हणून क्रम असा: चाक, मग रिम, मग गुटके, मग वायर, मग स्प्रिंग, आणि अगदी शेवटी अ‍ॅडजस्टर. तुम्ही तो फिरवून ठेवलाच आहे, तर आधी पूर्ण आत बसवा आणि दोन फेरे बाहेर काढून सोडून द्या.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण खोक्यातून आलेल्या सायकलीत ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हल्ली फोनवरच विचारतो. सायकलच्या बाजूला उभे राहा आणि पुढचा ब्रेक फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या दांड्याच्या, पुढच्या अंगाला आहे ना ते बघा. खोक्यात मावावं म्हणून हँडल फिरवून बांधलेलं असतं, आणि घरी जोडताना फोर्क तसाच अर्धा फेरा फिरलेला राहतो. मग ब्रेक मागे जातो, वायर हँडलखालच्या फ्रेमच्या नळीभोवती एक वेटोळं घेते, आणि लीव्हर कितीही दाबला तरी अर्धा जोर त्या वेटोळ्यातच मुरतो. शिवाय अशी सायकल वळणावर चमत्कारिक वागते. फोर्कची खालची टोकं पुढे झुकलेली हवीत, मुलीच्या पायाकडे नाही. उलटा असेल तर हँडल सोडून फोर्क फिरवा आणि मगच पुढे वाचा.

आता चाक. पुढच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा. सायकल उलटी न करता जमिनीवरच उभी ठेवा आणि हँडलवर छातीने थोडं वजन द्या, म्हणजे एक्सल (चाकाचा आस) खाचेत पूर्ण बसेल. तसंच वजन ठेवून दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने आवळा. 'डावा गुटका घासतो' या तक्रारीतली निम्मी प्रकरणं इथेच संपतात. लोक सायकल उलटी करून सीटवर उभी करतात आणि चाक हाताने ढकलून नट आवळतात. एक्सलची एक बाजू खाचेत केसभर बाहेर राहते, वर रिमपाशी तोच फरक दिसण्याइतका होतो, आणि मग बिचाऱ्या स्प्रिंगला दोष.

मग चाक उचलून फिरवा आणि गुटका व रिम यांच्यामधल्या फटीकडे बघत राहा. फट श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त होत असेल तर चाकाला आऊट आहे, म्हणजे रिम वाकडी फिरते. अर्धा मिलिमीटर चालतो. दोन मिलिमीटर असेल तर ब्रेकला हात लावू नका, आधी आऊट काढून घ्या. स्पोक चावीने पाव पाव फेरा देत तो घरीही काढता येतो. डावीकडून येणारा स्पोक आवळला की रिम डावीकडे ओढली जाते, उजवीकडचा आवळला की उजवीकडे. पण पहिल्यांदाच करत असाल तर हे काम दुकानात द्या. स्पोक बिघडवायला दहा मिनिटं पुरतात, निस्तरायला दुपार जाते.

रिम कशाची आहे तेही बघून घ्या. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून रिमला लावा. चिकटलं तर स्टील, घसरून पडलं तर अ‍ॅल्युमिनियम. पावसातल्या तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर या मॅग्नेटमध्ये आहे. क्रोम केलेल्या गुळगुळीत स्टीलवर पाण्याचा थर बसला की रबर त्यावर तरंगतं. कोरड्यात जेमतेम धरणारा ब्रेक ओल्यात जवळपास नाहीच असं समजा. लहान मुलांच्या स्वस्त सायकलींना अजून अशा रिम येतात. मॅग्नेट चिकटलं तर गुटके कितीही भारी आणलेत तरी मर्यादा राहणारच, आणि पावसाळ्यात उतार बंद. चिकटलं नाही तर काळजीचं कारण नाही. पुढचं सगळं त्या रिमसाठीच लिहितो आहे.

माझ्या बाबांची काळी सायकल होती, दांडी-ब्रेकवाली. तिच्यात वायर नाहीच. लीव्हर दाबला की लोखंडी दांड्या एक पट्टी वर ओढतात आणि दोन गुटके रिमच्या कडेला नव्हे, तर आतल्या अंगाला, म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बाजूने वर येऊन टेकतात. आमच्या वाड्यावर पहाटे पों-पों करत येणाऱ्या पोदेराकडेही तीच. पाठीमागे पावांची एवढी मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि आषाढातला पाऊस. उतार आला की तो ब्रेकवर विसंबायचाच नाही. वरूनच वेग कमी करायचा, आणि शेवटी चपलेचा तळवा रस्त्याला. वायर नाही म्हणून गंजायला काही नाही, एका पान्यात सगळी दुरुस्ती. हे त्या ब्रेकचे गुण. पण थांबवणं हा गुण पावसात त्याच्याकडे नव्हता. व्ही-ब्रेक बाजारात आला १९९६ च्या सुमारास, आणि पहिला हातात आला तेव्हा दोन बोटांनी मागचं चाक उचललं गेलेलं पाहून मी चपापलो होतो. जोर आहे त्याच्यात. म्हणूनच तो नीट बसवायचा.

चला, गुटक्यांकडे. इथे घाई करू नका, वेळ घालवायची जागा हीच आहे.

आधी दोन्ही ब्रेकचे हात फोर्कवरच्या खुंट्यांवर मोकळे हलतात का बघा. बोल्ट काढून हात बाहेर ओढा, खुंटी पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवा. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत ग्रीस नसलेली खुंटी दोन पावसाळ्यांत हाताला धरून बसते. खुंटीजवळ एकाखाली एक तीन छोटी भोकं दिसतील. स्प्रिंगची पिन त्यातल्या मधल्या भोकात, आणि दोन्हीकडे मधल्याच. एकीकडे वरच्या आणि दुसरीकडे मधल्या भोकात पिन गेली असेल, तर तुमचा डावा गुटका का घासतो ते वेगळं सांगायला नको.

गुटक्याच्या बोल्टवर वायसरांची (वॉशरची) एक रांग असते. काही वाटीसारखे खोलगट, काही त्या वाटीत बसणारे गोलसर, आणि एक जोडी जाड, एक पातळ. हे काढताना जमिनीवर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून मोबाइलवर फोटो काढा. मी अजूनही काढतो. ही वाटी-गोळ्याची जोडी असते म्हणूनच गुटका हव्या त्या कोनात वळतो. जाड जोडी आत की बाहेर हे ठरवायला एकच कसोटी: गुटके रिमला टेकलेले असताना ब्रेकचे दोन्ही हात जवळपास समांतर, उभे दिसले पाहिजेत. वरची टोकं एकमेकांच्या फार जवळ आली तर जाड वायसर गुटक्याच्या बाजूला घ्या. ती वाकडी धातूची नळी, जिला दुकानात नूडल म्हणतात, तिचं टोक आणि समोरचा वायर आवळायचा बोल्ट यांत गुटके टेकलेले असताना ३९ मिलिमीटर किंवा जास्त अंतर राहायला हवं असं शिमानोची सूचनापत्रिका सांगते. अंतर कमी असेल तर गुटके झिजल्यावर नळी बोल्टला टेकेल आणि ब्रेक लागणंच थांबेल. लीव्हर मात्र घट्ट वाटेल. फसवणारा दोष आहे हा.

आता गुटका रिमवर नेमका कुठे? रिमच्या कडेवर जो सपाट पट्टा आहे त्याच्या आत, पूर्ण. टायरला नखभरही लागता कामा नये. रबर टायरच्या भिंतीला रोज थोडं थोडं कापतं आणि एके दिवशी फाट्कन आवाज येतो. खालीही घसरता कामा नये, नाहीतर झिजताना गुटक्याला खाली ओठ फुटतो आणि तो ओठ रिमखाली अडकून ब्रेक सुटत नाही. व्ही-ब्रेकमध्ये गुटका झिजत जातो तसा तो किंचित खाली उतरतो, कारण हात खालच्या खुंटीभोवती फिरतो. म्हणून नवा गुटका पट्ट्याच्या वरच्या अंगाला बसवा, टायरच्या खाली एक मिलिमीटर सोडून. रेसिंग सायकलच्या कॅलिपर ब्रेकला याच्या उलट. तिथे हात फिरायची खीळ वर असते, गुटका झिजताना वर टायरकडे चढतो, म्हणून तिथे खालच्या अंगाला.

गुटक्याला डावा-उजवा असतो. बाण किंवा खूण असते, बाण चाक फिरण्याच्या दिशेने. ज्यात रबर सरकवून बसवतात अशा खाचेच्या गुटक्यात तर उघडं टोक मागेच हवं, बंद टोक पुढे. एकदा चवथीच्या गडबडीत मी स्वतःच्याच सायकलचा उजवा गुटका उलटा लावला. मयेच्या उतारावर ब्रेक दाबल्याबरोबर रबर खाचेतून पुढे सरकलं आणि कुठेतरी गवतात गेलं. लोखंड रिमवर खरडल्याचा आवाज आजही कानात आहे. गुटक्याच्या खाचेला रबर अडवणारी छोटी पिन असते, ती हरवली होती आणि मी 'नंतर लावू' म्हटलं होतं. रिमवरचा तो चरा अजून आहे.

मागचा ब्रेक कोकलतो त्याचाही इलाज इथेच. गुटका रिमला पूर्ण सपाट टेकला की तो थरथरतो, आणि हात, फ्रेम, रिम सगळं मिळून गाऊ लागतं. पुढचं टोक किंचित आधी टेकायला हवं. ही चिंच-गुळाच्या अंदाजाची गोष्ट वाटते, पण युक्ती सोपी आहे. गुटक्याच्या मागच्या टोकावर एक रबरबँड दोन वेढे गुंडाळा, किंवा तिथे लग्नपत्रिकेचा जाड तुकडा दुमडून धरा. लीव्हर दाबून गुटका रिमला घट्ट टेकवा, आणि तसाच दाबून ठेवून ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने बोल्ट आवळा. रबरबँड काढा. मागे अर्धा ते एक मिलिमीटर फट राहिली की झालं. आवळताना गुटका बोल्टाबरोबर फिरायला बघतो, त्याला दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अडवा. लीव्हर दाबायला घरातल्या कुणाला तरी बसवा. दोन हातांत हे काम करणारे आहेत, मीही करतो, पण शिव्या देत.

किती आवळायचं? टॉर्क रेंच असेल तर ६ ते ८ न्यूटन-मीटर. नसेल तर साध्या एल आकाराच्या चावीची लांब बाजू हातात धरून एका हाताचा नीट दाब. पाइप अडकवून जोर लावायचा नाही. त्यानंतर गुटका हाताने पिळून बघा, हलला नाही पाहिजे.

आवाज तरीही येत असेल तर कारण घाण आहे. गुटका काढून त्याची तोंडं उजेडात धरा. रबरात चमचमणारे ठिपके दिसले तर ते रिमचेच अ‍ॅल्युमिनियमचे कण आहेत. आमच्या डिचोली-सत्तरीकडे त्यात खाणीच्या पट्ट्यातली लाल माती असते. पावसात ती चाकावर उडते, गुटक्यात रुतते आणि मग गुटका पॉलिश पेपरसारखा रिम खातो. सुईच्या टोकाने एकेक कण उचकटून काढा. नंतर साध्या पॉलिश पेपरवर गुटका दोन-चारदा घासा, वरची काचेसारखी चकाकी गेली पाहिजे. रिम भांडी घासायच्या साबणाने धुऊन, कोरडी करून, स्पिरिटच्या फडक्याने पुसा. गंज सुटायचा स्प्रे चेनवर मारताना मागच्या रिमवर उडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि खोबरेल! दर पावसाळ्यात एक तरी सायकल येते जिच्या मालकाने आवाज जावा म्हणून गुटक्याला खोबरेल लावलेलं असतं. आवाज जातो, हे खरं आहे. ब्रेकही जातो. तेल पिलेलं रबर धुऊन परत येत नाही, गुटके बदला. साध्या गुटक्यांची जोडी एखाद्या फिशथाळीच्या पैशात मिळते.

वायरकडे येऊ. तुमचा लीव्हर मुठीला टेकतो याचं कारण, फोर्क सरळ असेल तर, जवळजवळ नक्की इथेच आहे. लीव्हरच्या अ‍ॅडजस्टरला आणि त्याच्या नटाला एक एक चीर असते, लीव्हरच्या अंगालाही असते. तिन्ही चिरा एका रेषेत आणल्या की वायरची मुंडी लीव्हरच्या खाचेत सरकते. मग फिरवून चिरांची रेषा पुन्हा मोडा, नाहीतर वायर तिथूनच बाहेर येईल. वायरभोवतीचं बाहेरचं कव्हर दोन्ही टोकांना आपापल्या बैठकीत खुटकन बसलं आहे का ते बोटाने दाबून बघा. अर्धं बाहेर राहिलेलं कव्हर दाब आला की आत जातं, आणि तेवढी लीव्हरची चाल फुकट.

वायर बदलत असाल तर स्टेनलेस मागा. किनाऱ्यालगत साधी वायर एका पावसाळ्यानंतर कव्हरात रेतीसारखी करकरते. आणि कव्हर ब्रेकचंच हवं, ५ मिलिमीटरचं, ज्यात तारेचं गोल वेटोळं असतं. गिअरचं ४ मिलिमीटरचं कव्हर दिसायला तसंच, पण त्यातल्या तारा लांबीला सरळ जातात. जोरात ब्रेक दाबला की ते बाजूने उसवतं. दुकानदार 'चालतंय' म्हणाला तरी घेऊ नका. कव्हर कापल्यावर टोक कानसीने सपाट करा आणि आतली चेपलेली प्लास्टिकची नळी दाभणाने उघडा. ही दोन मिनिटं कुणी देत नाही, आणि मग वर्षभर लीव्हर जड म्हणून ओरडतात.

आता आवळणं. गुटके हाताने रिमला टेकवून धरा, वायर पक्कडीने ताणा, पण तुणतुणं वाजेल इतकी नको, आणि बोल्ट आवळा. हात सोडल्यावर प्रत्येक बाजूला साधारण एक मिलिमीटर, दोन्ही मिळून दोन मिलिमीटर फट हवी. जास्त घट्ट झालं तर ते दोन फेरे बाहेर काढलेला अ‍ॅडजस्टर आत फिरवा. त्यासाठीच तो शिलकीत ठेवायला सांगितला होता. मग लीव्हर सगळा जोर लावून दहा-बारा वेळा दाबा, अगदी तुटेल असा. वायर सुटायचीच असेल तर आत्ता पडवीत सुटू दे, उतारावर नको. कव्हरं बैठकीत दबतात, वायर थोडी ढिली होते. पुन्हा एकदा बोल्ट सोडून ताणून आवळा. वायरचं टोक दोन बोटं सोडून कापा आणि त्यावर टोपी चेपा. टोपी नसेल तर फेव्हिक्विकचा थेंब, नाहीतर तारा फिसकटून मुलीच्या पोटरीत घुसतात.

लीव्हर एकदम बदललेला असेल तर एक सूचना. जुन्या कॅलिपर ब्रेकचा लीव्हर व्ही-ब्रेकला चालत नाही. तो वायर कमी ओढतो. गुटके रिमला जेमतेम पोचतात आणि लीव्हर मुठीला लागतो. तुमची सायकल नवी आहे, त्यामुळे ही शक्यता कमी, पण भंगारातून हँडल आणलेल्यांसाठी लिहून ठेवतो.

डावा गुटका एवढं करूनही घासत असेल तरच स्प्रिंगचे स्क्रू. ते ब्रेकच्या दोन्ही हातांवर बाजूला, तळाशी असतात. डावा स्क्रू आत आवळला की डावी स्प्रिंग कडक होते आणि डावा गुटका रिमपासून दूर जातो. पाव फेरा, मग लीव्हर दोनदा दाबून सोडा, मग बघा. दाबल्याशिवाय बघू नका, स्प्रिंग जागेवर बसत नाही. डावा पूर्ण आत गेला तरी पुरत नसेल तर उजवा थोडा ढिला करा.

डिस्क ब्रेकवाल्यांनीही विचारलं होतं, त्यांच्यासाठी दोन ओळी. वायरच्या डिस्कमध्ये बहुधा बाहेरचाच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. तो अ‍ॅलन कीने रोटरपर्यंत (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीपर्यंत) केसभर फट राहील इतका आणायचा, मग वायर. कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरणाऱ्या पेटीचे, दोन बोल्ट ढिले करून लीव्हर दाबून धरला आणि तसेच आवळले तर तो बहुतेक वेळा आपसूक मध्यावर येतो. रोटरला बोटं लावू नका. उतार उतरून आल्यावर तर नकोच, चटका बसतो. तेलाचे ब्रेक असतील तर चाक काढल्यावर लीव्हर दाबू नका, आणि तेल बदलायचं काम पहिल्यांदा कुणी जाणकार शेजारी बसवूनच करा. मिनरल ऑइल आणि डॉट फ्लुइड एकमेकांच्या जागी चालत नाहीत, सील फुगतात.

चाचणी. लीव्हर पूर्ण दाबल्यावर तो आणि मूठ यांच्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं पाहिजे. मागचा दाबून ढकला, मागचं चाक घसटत गेलं पाहिजे, फिरता कामा नये. मग अंगणात, मग सपाट रस्त्यावर तुम्ही स्वतः, मग मुलगी. तिची बोटं लीव्हरपर्यंत पोचतात का तेही बघा. लीव्हरच्या आतल्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लीव्हर मुठीच्या जवळ येतो. दहा वर्षांच्या मुलीच्या बोटाचं पहिलं पेर लीव्हरवर आरामात बसलं पाहिजे. या स्क्रूनंतर दोन बोटांची जागा पुन्हा मोजा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काही सायकली उलट येतात. तिला कुठला कुठला ते दाखवून द्या.

पावसातल्या उताराबद्दल. ब्रेक उत्तम असला तरी ओल्या रिमवर पहिले एक-दोन फेरे गुटका फक्त पाणी पुसत असतो, मग एकदम पकडतो. घाबरलेलं मूल त्या पहिल्या क्षणी जीव खाऊन दाबतं, आणि पाणी पुसलं गेलं की पुढचं चाक अडकतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी, वरच्या सपाटीवरच, दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत रिम पुसून घ्यायची सवय लावा. वेग वरूनच कमी ठेवायचा. दुप्पट वेगाला थांबवायला चौपट काम लागतं, ते दोन रबरांनाच करायचं आहे. फेरीबोटीच्या धक्क्यावर तर उतरून चालायचं. तिथला शेवाळलेला उतार मोठ्यांनाही लोळवतो.

पावसाळाभर दर पाच-सात दिवसांनी बादलीभर पाणी आणि ब्रश घेऊन रिम आणि गुटके धुवा. गुटक्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदला. रिमच्या कडेला बोट फिरवा, खड्डा लागला किंवा झीज दाखवणारी खाच पुसली गेली असेल तर रिम संपली. पातळ झालेली रिम टायरच्या हवेने फुटते, आणि फुटते ती नेमकी ब्रेक दाबताना.

चोर्ला घाट उतरणाऱ्या मोठ्या मंडळींना वेगळं लिहायला हवं, ते पुन्हा कधी. तुमच्यापुरतं एवढंच राहिलं: पहिल्या तीन-चार दिवसांत लीव्हर परत थोडा ढिला वाटेल. नवी वायर आणि कव्हर बसतात, गुटका रिमशी जुळतो. तेव्हा तो अ‍ॅडजस्टर, ज्याला मी इतका वेळ हात लावू दिला नाही, अर्धा फेरा बाहेर काढा आणि त्याचा नट आवळा.